२० टक्के इथेनॉल आणि ७९६ सीसीचे इंजिन

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालासाठी ठरविण्यात आले होते. ते देशाने २०२५ मध्येच गाठले. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात जुन्या मोटारींच्या मालकांच्या तक्रारी एकाएकी वाढल्या. गाडीचे ॲव्हरेज घसरले, पिकअप कमी झाला, रबरी नळ्या लवकर खराब होत आहेत, असा त्यांचा सूर होता. पेट्रोलियम मंत्रालयाने ४ ऑगस्ट आणि १२ ऑगस्ट २०२५ रोजी सविस्तर खुलासे करून या भीतीला आधार नसल्याचे सांगितले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय उपलब्ध असावा आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण स्पष्ट लिहिलेले असावे, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने वादावर तेथे पडदा पडला. इंजिनाच्या दृष्टीने मात्र प्रश्न शिल्लक राहिला, कारण इंजिन कोणत्याही निकालपत्रानुसार चालत नाही; ते इंधन आणि हवा यांच्या प्रमाणानुसार चालते.

हा प्रश्न नेमका कोणत्या इंजिनाचा आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. एप्रिल २०२३ पासून बाजारात आलेल्या मोटारींमध्ये २० टक्के इथेनॉलला टिकणारे साहित्य वापरलेले आहे. त्याआधीच्या मोटारींपैकी सर्वांत मोठा समूह लहान पेट्रोल इंजिनांचा आहे आणि त्या समूहाचा प्रतिनिधी म्हणून एकच इंजिन निवडायचे झाल्यास ते सुझुकीच्या ‘एफ ८’ मालिकेतील तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन होय. मारुती ८००, ओम्नी आणि अल्टो या तिन्ही गाड्या त्यावर धावल्या. मारुती ८०० च्या २५ लाखांहून अधिक गाड्या देशात विकल्या गेल्या. अल्टो या नावाने विकल्या गेलेल्या गाड्यांनी २०२३ मध्ये ४५ लाखांचा टप्पा ओलांडला. अर्थात, अल्टोच्या संख्येत एक लिटर इंजिनाच्या ‘के १०’ गाड्याही आहेत.

साधेपणा हेच बळ

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हा भारतीय रस्त्यांवर अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या जुन्या युरोपीय आराखड्यांच्या गाड्यांचे राज्य होते. त्यांच्या तुलनेत हे इंजिन आकाराने खेळण्यासारखे वाटे. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनचा फेरा ७२ मिलिमीटर, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, वर एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरविणारा दातेरी रबरी पट्टा. शक्ती ३७ अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्याशा शक्तीवर पाच माणसे आणि टपावरचे सामान घाट चढून जाईल काय, अशी शंका त्या काळी घेतली गेली. उत्तर गाडीच्या वजनात होते. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे ६५० किलोच होते. इंजिनावर पडणारा भार बेताचा असल्याने बेअरिंग, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची झीजही बेताने होत असे.

या इंजिनाच्या टिकाऊपणाविषयी बरेच भावुकतेने बोलले जाते. वास्तविक, त्यामागे चमत्कार नव्हता. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचे हेड, मोजके सुटे भाग आणि ते उघडून पुन्हा बसविता येतील अशी रचना, ही त्याची कारणे होत. तालुक्याच्या गावातील गॅरेजमध्येही त्याचे हेड उतरविले जाई आणि सायंकाळपर्यंत गाडी सुरू होई. सुटे भाग स्वस्त होते आणि सर्वत्र मिळत होते. इंजिन बिघडतच नाही, असा त्याचा लौकिक होता. पण ‘बिघडले तरी अडत नाही’ हे वर्णन अधिक खरे ठरेल. विश्वासार्हता या शब्दाच्या या दोन अर्थांत भारतीय ग्राहकाने सहसा फरक केला नाही, आणि त्याला तशी गरजही पडली नाही.

त्याच्या दुखऱ्या जागाही ठरलेल्या होत्या. पहिली म्हणजे पाणी. रेडिएटरमधील पाणी कमी झाले किंवा पंख्याचा थर्मोस्विच निकामी झाला की इंजिन तापते, ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि हेड गॅस्केट जाते. दुसरी जागा टायमिंग बेल्टची. ठरावीक अंतरानंतर तो बदलावाच लागतो. पण बाहेरून दिसत नसल्याने अनेक मालकांना त्याची आठवण तो तुटल्यावरच होते. तिसरी जागा तेलाची. या इंजिनात जेमतेम तीन लिटर तेल मावते. त्यामुळे मोठ्या इंजिनात जो अर्धा-पाऊण लिटरचा तुटवडा खपून जाईल, तो येथे खपत नाही. वयोमानाने व्हॉल्व्ह कव्हरमधून पाझरणारे तेल हा क्षुल्लक दोष वाटतो, पण रस्त्यात अडकून पडलेल्या कित्येक अल्टोंचे मूळ कारण तेच असते.

२००० साली अल्टो आली आणि तिच्यासोबत याच इंजिनाची प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेली, ४६ अश्वशक्तीची ‘एफ ८ डी’ आवृत्ती. त्याच सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि मारुती ८०० मधील कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या नियंत्रणाखाली इंधनाचे फवारे सोडणारी एमपीएफआय प्रणाली आली. २०१२ च्या अल्टो ८०० मध्ये शक्ती ४८ अश्वशक्ती आणि टॉर्क ६९ न्यूटन-मीटरपर्यंत पोहोचला. सिलिंडरचा व्यास आणि फेरा मात्र तोच राहिला. शेजारच्या पाकिस्तानातही ‘मेहरान’ या नावाने हेच इंजिन २०१९ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होते, आणि १९९८ मध्ये मारुतीला आव्हान देण्यासाठी भारतात आलेल्या देवू मॅटिझचे इंजिनही याच सुझुकी आराखड्यातून उतरलेले होते. स्पर्धकाने बरोबर आणलेले शस्त्र मूळचे प्रतिस्पर्ध्याच्याच घरातले होते, ही गोष्ट त्या वेळी फारशी बोलली गेली नाही.

या इंजिनाचा शेवट यांत्रिक अपयशाने झाला नाही, हे येथे विशेष नोंदविण्यासारखे आहे. एप्रिल २०१० मध्ये १३ शहरांत बीएस-४ नियम लागू झाले आणि मारुती ८०० त्या शहरांतून मागे घेण्यात आली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनच थांबले. २०१९ मध्ये ओम्नी गेली. एप्रिल २०२३ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन मोजणारा बीएस-६ चा दुसरा टप्पा आला, तेव्हा अल्टो ८०० मध्ये त्यासाठी खर्च करणे कंपनीला परवडेनासे झाले. चार दशकांत या इंजिनाला प्रत्येक वेळी नियमानेच निवृत्त केले. आता रस्त्यावर उरलेल्या गाड्यांची परीक्षा घेणारी गोष्ट नियम नसून इंधन आहे.

इथेनॉलचा हिशेब

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे इथेनॉल सुमारे एकतृतीयांशाने ‘हलके’ आहे. २० टक्के मिश्रणात ही तूट शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा ते सात टक्के भरते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातही हाच आकडा आढळतो: शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज त्यात होता, १० टक्के मिश्रणासाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींसाठी तो एक ते दोन टक्के होता.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंकडून गफलत झालेली दिसते. १० टक्के मिश्रण देशभर २०२२ पासूनच विकले जात होते. त्यामुळे २०२५ मध्ये ग्राहकाच्या टाकीत झालेला बदल शून्यावरून वीसवर नव्हता, तो दहावरून वीसवर होता; आणि ऊर्जेच्या हिशेबाने त्या बदलाची किंमत साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. ॲव्हरेज १५ किंवा २० टक्क्यांनी घसरल्याचे जे दावे झाले, ते केवळ इथेनॉलने स्पष्ट होत नाहीत. अशा गाडीत जुना ऑक्सिजन सेन्सर, चोंदलेला इंजेक्टर, झिजलेले स्पार्क प्लग किंवा कमी हवेचे टायर यांपैकी काहीतरी आधीपासून असण्याची शक्यता अधिक आहे. नवे इंधन हा दोष उघडा पाडते, निर्माण करीत नाही.

परंतु घट किरकोळ आहे, असे सांगून विषय मिटविणेही योग्य नाही. लिटरला २० किलोमीटर देणारी आणि वर्षाला १० हजार किलोमीटर धावणारी जुनी अल्टो घेतली, तर सहा ते सात टक्के घटीने तिला वर्षाकाठी ३२ ते ३८ लिटर इंधन अधिक लागेल. लिटरमागे १०० रुपये धरले तरी हा भार तीन-साडेतीन हजारांच्या पुढे जातो. दहावरून वीसवर येण्याचाच हिशेब केला तर तो साधारण निम्मा होईल. मोठ्या मोटारीच्या मालकाला ही रक्कम जाणवणार नाही. ७९६ सीसीची गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या मालकाच्या हाती असते, आणि तिचा मालक पंपावर रुपयांत पेट्रोल भरतो, लिटरमध्ये नव्हे. इथेनॉल मिश्रणामुळे देशाचे परकीय चलन वाचले, शेतकऱ्याला पैसा मिळाला, हे लाभ खरे आहेत. मात्र मिश्रित पेट्रोलचा दर ऊर्जेच्या प्रमाणात कमी केलेला नाही, त्यामुळे त्या लाभाचा काही वाटा हा मालक आपल्या खिशातून भरत आहे.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने इंजिनाला फायदा होतो, असा मुद्दा मंत्रालयाने मांडला. २० टक्के मिश्रणाचा ऑक्टेन अंक ९५ च्या घरात जातो, हे बरोबर आहे. पण ऑक्टेनचा उपयोग उच्च दाबाने मिश्रण आवळणाऱ्या इंजिनाला होतो. २०२१ च्या स्विफ्टमधील ‘के १२ एन’ इंजिनाचे दाबगुणोत्तर १२ ला १ होते. जुन्या ७९६ सीसी इंजिनाचे ९ ला १ च्या आसपास. त्या इंजिनासाठी ९५ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे साध्या चष्म्याच्या नंबराला दुर्बीण देण्यासारखे आहे.

कार्ब्युरेटर आणि सेन्सर

सर्व जुन्या गाड्या सारख्याच जुन्या नाहीत. हा भेद सार्वजनिक चर्चेत जवळपास हरवला. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. एमपीएफआय इंजिनात धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर ज्वलनानंतर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि संगणक त्यानुसार इंधन वाढवितो. सेन्सर शाबूत असेल तर हा फरक तो बहुतांशी भरून काढतो. म्हणून २००५ किंवा २०१५ ची अल्टो नव्या इंधनावर कोणतीही कुरकुर न करता चालताना दिसते.

कार्ब्युरेटरला असे कोणतेही ज्ञानेंद्रिय नसते. त्यातील जेटचे छिद्र जेवढे, तेवढेच इंधन. मिश्रणात इथेनॉल वाढले की हवा प्रमाणाबाहेर होते, ज्वलन ‘लीन’ होते, ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन क्षणभर अडखळते आणि अधिक तापते. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे उत्तरेकडील हिवाळ्यात सकाळी अशी गाडी सुरू करताना चोकचा आधार जास्त वेळ घ्यावा लागतो. कोकण-गोव्यात थंडीचा त्रास नाही, पण तेथे दमटपणा आहे. इथेनॉल हवेतील पाणी शोषते. रोज धावणाऱ्या गाडीत ते इंधनाबरोबर जळून जाते. सुट्टीसाठी गावी ठेवलेली, चार-चार महिने उभी राहणारी गाडी मात्र वेगळी. पाणी मर्यादेपलीकडे गेले तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंधन पंप ओढतो तो तळाकडूनच. पत्र्याच्या टाकीला गंज लागण्याची सुरुवातही तेथूनच होते.

रबरी भागांची गोष्ट मंत्रालयानेही नाकारलेली नाही. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतील, हा खर्च फार नाही आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ते काम होईल, असे त्या खुलाशात म्हटले होते. कमी किमतीचे असले तरी हे भाग इंधनमार्गात असतात. कार्ब्युरेटरच्या गाडीतील इंधन पंपाचा पडदा किंवा गरम इंजिनाजवळून जाणारी नळी चिरली तर धोका केवळ गाडी बंद पडण्याचा नसतो, आगीचाही असतो. खर्च कमी आहे, या वाक्याला ‘म्हणून तो आताच करा’ अशी जोड द्यावयास हवी होती.

ब्राझीलचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. त्या देशाने १ ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण लागू केले. तथापि तेथील इथेनॉल कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे आणि कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणाऱ्या ‘फ्लेक्स’ मोटारी तेथे २००३ पासून विकल्या जात आहेत. भारताने दहावरून वीसवरची उडी तीन वर्षांत घेतली. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के मिश्रण हे प्रमाण इंधन ठरविले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे महाग पेट्रोल पंपांवर ठेवले. भारतात असा दुसरा नळ ठेवणे वितरणाच्या दृष्टीने कठीण होते, हे मान्य केले तरी तो पूर्णपणे वगळण्याची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न अनुत्तरित आहे.

महाराष्ट्राचे या प्रश्नाशी दुहेरी नाते आहे. मोटारींच्या इंधनक्षमतेचे प्रमाणपत्र देणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्यात आहे, आणि इथेनॉल बनविणारे साखर कारखाने राज्यभर पसरले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर निर्बंध आणले, तेव्हा त्याची झळ कारखान्यांना बसली. त्यानंतर मक्याचे महत्त्व वाढले. ज्या घरात ऊस आहे त्याच घराच्या अंगणात जुनी अल्टो उभी आहे, असे चित्र पश्चिम महाराष्ट्रात दुर्मीळ नाही.

करातले लहान इंजिन

इंधनाच्या बाजूने लहान गाडीवर भार पडत असताना कराच्या बाजूने तिला दिलासा मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला. त्यापूर्वी तो २८ टक्के आणि वर एक टक्का उपकर असा होता. लहान मोटारीची ही व्याख्या २००६ च्या अर्थसंकल्पातील आहे. त्या काळी १२०० सीसी म्हणजे साधे, बिनटर्बोचे इंजिन. आज ह्युंदाई व्हेन्यूचे ९९८ सीसीचे टर्बो इंजिन १२० अश्वशक्ती देते आणि ६७ अश्वशक्तीच्या अल्टो के १० इतक्याच दराने कर भरते. सीसी हे आकाराचे माप आहे, सामर्थ्याचे नव्हे, आणि टिकाऊपणाचे तर मुळीच नव्हे. टर्बोच्या लहान इंजिनात उष्णता आणि दाब कितीतरी अधिक असतात. तेल वेळेवर न बदलण्याची जी सवय ७९६ सीसीच्या इंजिनाने दोन पिढ्यांना लावली, ती तेथे महागात पडते.

ग्राहकाला या बाबतीत मार्गदर्शन करणारी आकडेवारी नाही. प्रति लिटर किती किलोमीटर, हे प्रमाणपत्रावर मिळते. दहा वर्षांनी इंजिनाचे काय होते, हे कोणीही अधिकृतपणे सांगत नाही. सदोष वाहने परत बोलाविण्याची सक्ती २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने आली, पण ती सुरक्षिततेच्या किंवा प्रदूषणाच्या दोषांपुरती. टिकाऊपणाची माहिती अजूनही मेकॅनिकच्या तोंडून आणि शेजाऱ्याच्या अनुभवातूनच मिळते.

जुन्या गाडीच्या मालकाला यापुढे ठरवावे लागेल ते आरसी बुकातील वर्ष पाहून. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये पाच हजार रुपये झाले. २० वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार करण्यात आले. दिल्ली परिसरातील जुन्या वाहनांवर कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी दिला होता. डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित झाले. म्हणजे दिल्लीत मारुती ८०० चा प्रश्न इंधनाआधीच निकालात निघाला. नागपूर, इंदूर किंवा बेळगावात ती अजून चालू शकते. तेथील मालकाला नव्या नळ्या, नवा फ्युएल फिल्टर, तपासलेला पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गाडी असल्यास मोठा जेट, एवढ्या गोष्टी जवळच्या गॅरेजमध्ये करून घेता येतात. गाडी महिन्याहून अधिक काळ उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा भरून ठेवणे बरे, कारण रिकाम्या जागेतील हवाच पाणी आणते.